दोरीच्या पुढच्या टोकाला सासूबाई

१२ एप्रिल

शेवटी एकदाची स्की घेऊन पाण्यात उतरले! पाणी इतकं गार की वेटसूटच्या आत शिरल्याबरोबर तोंडातून शिवीच निघाली. बोटीतून सासूबाई — "सूनबाई, ऐकू येतंय हो मला. इंजिन अजून बंदच आहे."

हिवाळाभर सरावासाठी दाराच्या कडीला दोरी बांधून ओढत बसायचे आणि हा हसायचा. लिफ्ट दुरुस्त करत खड्ड्यात दिवसभर लोंबकळणारा माणूस, तळ्यात घोट्यापर्यंत पाय घालायची हिंमत नाही — आणि नवरेपणाच्या जोरावर बायकोला हसतो!

डोळे मिटले तरी अजून तेच दिसतंय. बोट मधून सरळ. पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यांच्या तीन बोया डावीकडे, तीन उजवीकडे, प्रत्येकीला बाहेरून वळसा. बोटीची दोरी धरून एका स्कीवर या बाजूने त्या बाजूला फेकलं जायचं आणि पुन्हा परत यायचं. सहाही झाल्या की दोरी एक टप्पा आखूड, प्रत्येक टप्प्याला एक रंग. लाल पुरी केली, केशरी पुरी केली. पिवळ्या टप्प्यावर दुसऱ्या बोयेलाच आपटले. त्याच्या पुढची हिरवी तर आजवर कधी पुरी झालीच नाही. तिसऱ्या बोयेच्या पुढे गेलेच नाही कधी.

यंदा जाणार. इथे लिहून ठेवते, म्हणजे लाज तरी वाटेल.

१३ एप्रिल

हात इतके दुखतायत की दुकानात चष्म्याची काच यंत्रात बसवता येईना. मालक म्हणाले, "पुन्हा सुरू झालं वाटतं तुमचं?" झालं. सुरू झालं!

१८ एप्रिल

आज काहीतरी विचित्र झालं.

चौथ्या बोयेला वळसा घालून मी पूर्ण जोर लावला, आणि दोरी एकदम सैल! ओढायला समोर काही नाहीच. पुढच्या क्षणाला अशी हिसकली की मी तोंडावर. नाकात पाणी, एक बूट पायातून निघालेला, स्की कुठेतरी लांब तरंगतेय.

सासूबाई बोट वळवून आल्या. म्हणाल्या, "वारा होता."

वारा? पाण्यात समोरची झाडं उलटी दिसत होती, पान न् पान. सरळ बोट चालवावी ती सासूबाईंनीच, असं सगळं तळं म्हणतं. मी कितीही ओढलं तरी बोटीचं नाक जागचं हलू देत नाहीत. आज ती बोट दारू प्यायल्यासारखी उजवीकडे गेली.

घरी येईपर्यंत गाडीत दोघी गप्प — आणि आमच्या घरात सासूबाई गप्प म्हणजे घड्याळ बंद पडल्यासारखं.

१९ एप्रिल

वाराच असेल.

२५ एप्रिल

वारा नव्हता.

आज नणंद बोटीत होती. मागे तोंड करून बसायचं, मी पडले की हात वर करून सांगायचं, एवढंच तिचं काम. पण तिने मान वळवून पुढे बघितलं. कपडे बदलायच्या खोलीत मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "वहिनी, आईने डोळे मिटले होते गं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं — बुडणारा माणूस धरतो तसं."

हातातला टॉवेल तिच्याच हातात दिला.

बाहेर येऊन विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?"

"डोळ्यात चिलट गेलं."

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन चिलटं होती!"

सासरे असेच गेले. आधी कप हातातून निसटला, तर म्हणाले कप निसरडा होता. मग जिन्यात तोल गेला, तर म्हणाले पायरी ओली होती. आठवड्याभरात संपलं सगळं. मेंदूत गाठ धरली होती रक्ताची. त्या दिवसांत आम्ही सगळ्यांनी त्यांच्या 'निसरड्या कपा'वर विश्वास ठेवला होता.

या वेळी नाही.

२६ एप्रिल

याला सांगितलं. जेवता जेवता. घास तसाच हातात राहिला त्याचा. मग उठून आईच्या खोलीत गेला. मी दाराबाहेर — हो, कान लावून. लाज कशाची!

"आई, उद्या डॉक्टरकडे जायचं."

"कशाला?"

"तपासायला."

"म्हातारी झाले म्हणून बोट काढून घ्यायचीय ना? सरळ सांग. आडून आडून बोलायची तुला सवयच आहे लहानपणापासून."

"आई, बाबांच्या वेळी —"

मी कान दाराला आणखी टेकवला. मग सासूबाईच, अगदी हळू, "मीही घाबरलेय रे."

त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

३० एप्रिल

डॉक्टरांनी पुढे पाठवलंय. उद्या मोठ्या हॉस्पिटलात. डोक्याचा स्कॅन. नणंदेचे फोनवर फोन.

१ मे

जीव भांड्यात पडला! पडला म्हणजे असा पडला की भांड्याचा आवाज अख्ख्या हॉस्पिटलात गेला असेल!

सकाळी स्कॅन झाला. मग बाकावर बसून राहिलो तिघं. सासूबाई मधे. समोर भिंतीवर तळ्याचंच चित्र, त्यात एक बदक. सासूबाई म्हणाल्या, "बदक वाकडं चाललंय." कुणी हसलं नाही.

मेंदूवाल्या डॉक्टरांनी बोलावलं. म्हणाले, "डोक्यात काही नाही."

सासूबाई लगेच आमच्याकडे वळून, "ऐकलंत? तुम्ही सगळे हे कधीपासून म्हणतच होता!"

मग कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तरुण, बारीक, हसरी. तिने सासूबाईंना पलंगावर बसवलं, डोकं एका बाजूला वळवून धरलं आणि एकदम मागे झोपवलं. सासूबाईंचे डोळे गरगर फिरायला लागले! मी याचा हात इतका घट्ट धरला की संध्याकाळी त्यावर नखांचे वळ होते. डॉक्टरीणबाई मात्र खूश — "हेच शोधत होते मी!"

तोल सांभाळायला कानात अगदी बारीक कण असतात म्हणे. ते जागा सोडून भलत्याच नळीत शिरले की मान वळवल्याबरोबर जग फिरायला लागतं. बोयांच्या रांगेत सासूबाई मधेच मान वळवून आरशात मला बघतात — तेवढंच निमित्त! तिने डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं, कुशीवर केलं, उठवून बसवलं.

"झालं."

"झालं म्हणजे?" सासूबाई.

"म्हणजे कण परत जागेवर गेले असावेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. तोवर बोट नको, गाडी नको."

गोळी नाही, सुई नाही. सुंठीवाचून खोकला गेला!

जिन्यात हा पायरीवर बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा बाप्या! सासूबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या. येणारे जाणारे आमच्याकडे 'अरेरे, कुणीतरी गेलं वाटतं' अशा चेहऱ्याने बघत होते. मला हसू फुटलं ते थांबेचना.

६ मे

तळ्यावर दुसऱ्या ड्रायव्हरच्या मागे सराव केला. भला माणूस, पण माझ्या ओढीबरोबर बोट लवते त्याची. पिवळी अर्धीच झाली. सासूबाई काठावर खुर्ची टाकून. बोट नको असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तोंड नको असं नव्हतं सांगितलं. "गुडघे! गुडघे वाकव! खांदा बोटीकडे कशाला देतेस, नवरा आहे का तो तुझा?"

ड्रायव्हर बिचारा लाल झाला.

आणि मला इतकं बरं वाटत होतं. ओरडतायत म्हणजे ठीक आहेत.

९ मे

पुन्हा तपासलं. झोपवलं, उठवलं — डोळे स्थिर. आता बोट चालवा, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. सासूबाईंनी तिला विचारलं, "तुला पोहता येतं का? ये एकदा तळ्यावर." ही त्यांची सर्वांत मोठी पदवी आहे. मला लग्नानंतर दोन वर्षांनी मिळाली होती.

१० मे

सासूबाई स्टिअरिंगवर. दोरी तारेसारखी ताणलेली. पिवळी पुरी!! पाण्यात पडून राहिले थोडा वेळ, आकाश बघत. काही बोलावंसंच वाटेना.

१७ मे

पाऊस. दुकानात काचा घासल्या. स्की पुसली, खालचं पातं साबणाने धुतलं. मन कसं शांत.

२४ मे

आपल्या तळ्याची स्पर्धा.

सकाळपासून वेटसूटची चेन चारदा लावली, चारदा काढली. पंचांनी सासूबाईंकडे डॉक्टरांचा कागद मागितला, तो त्यांनी असा काढून दिला जणू तलवारच उपसली. भोंग्यावरून सांगत होते, "या तळ्याच्या पहिल्या विजेत्यांच्या पत्नी, त्यांची बोट कायम ज्यांनी चालवली त्या —" सासूबाईंनी हात झटकला. "पुरे झालं, मुलगी पाण्यात गारठतेय."

मुलगी म्हणजे मी.

लाल. केशरी. पिवळी — शेवटची बोया अगदी बोटभर अंतराने घेतली. मग हिरवी. एक. दोन. तीन, इथवर माहितीची वाट. चार! तिथून पुढे मी काय केलं ते मला माहीत नाही, स्कीला माहीत. पाच! सहावीकडे झेपावले, दोरी संपली, माझे हात संपले, आणि बोयेच्या अलीकडेच धपकन पाण्यात.

हसत वर आले. खरंच हसत. एप्रिलमध्ये असं झालं असतं तर आठवडाभर तोंड फुगवून बसले असते. आज वाटलं — नाही झाली पुरी तर नाही झाली. तळं कुठे जातंय? आणि बोटीत त्या आहेत.

चौथी आले.

जेटीवर बघते तर हा! पहिल्यांदाच पाण्याच्या इतक्या जवळ. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, सगळे पट्टे आवळलेले, वर शिट्टी लटकवलेली. "अरे, लाकडावर उभा आहेस!" "खाली पाणीच आहे ना?" असं म्हणून मला ओलीचिंब असतानाच मिठी मारली. जॅकेट मधे असल्यामुळे नीट मारताच आली नाही.

३१ मे

आज सासूबाई म्हणाल्या, "बोट तू चालव." मला वाटलं पुन्हा चक्कर. बघते तर नणंदेचा वेटसूट चढवून त्या माझ्या स्कीवर पाण्यात! मी घाबरत घाबरत बोट काढली. पहिल्याच ओढीत उभ्या राहिल्या. पाठ ताठ, हँडल कमरेशी — आणि पहिल्या बोयेला असा वळसा घातला की नणंदेचा आ वासलेलाच राहिला.

काठावर आल्यावर विचारलं, "आई, हे बाबांकडून कधी शिकलात?"

केस पिळत म्हणाल्या, "त्यांच्याकडून? त्यांना मी शिकवलं होतं."