धाकलीचं घमेलं

३ डिसेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कारण: मन शांत ठेवणे. हर्षालीला चौथा महिना लागला. अशा वेळी घरात एक तरी माणूस स्थिर हवा. तो मी.

शाळेतून आलो तर हर्षाली ओटीवर, तिच्या मांडीवर धाकली. धाकली म्हणजे मांजर. लग्नात हर्षालीच्या माहेराहून, दाभोशाहून, भांडी आली, गाद्या आल्या आणि एक टोपली आली. टोपलीत ही. पिल्लांत सगळ्यात बारकी म्हणून धाकली. आता बारकी राहिलेली नाही, माझ्या घरचं खाऊन चांगली पोसलीय.

म्हटलं, चहा. हर्षाली म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय तिचा, तुम्हीच गरम करून घ्या. घेतला. दुधावरची साय कुठं गेली ते विचारलं नाही. दिसतच होतं, मिशांना लागलेली.

मला काही वाटलं नाही. मी सातवीला विज्ञान शिकवतो. मांजराचा हेवा करण्याइतका अडाणी नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

सहज लक्ष ठेवलं. हर्षाली धाकलीला म्हणाली, माझी बाय ती. मला म्हणाली, अहो, जरा बाजूला व्हा. मी धाकलीच्या खुर्चीत बसलो होतो म्हणे. ती खुर्ची सासऱ्यांनी मला दिलेली आहे. उठलो. वाद घालणं गरोदर बाईला बरं नव्हे.

८ डिसेंबर, रविवार

गावदेवाचं जेवण. बकरा कापला. मी नेहमीप्रमाणे काळजाचा तुकडा निखाऱ्यावर धरला आणि अर्धकच्चाच काढला. आत लाल असतो तोवरच ताकद असते, हे माझं लहानपणापासूनचं मत. हर्षालीसाठीही तसाच भाजून पानात बांधून आणला. लोह. रक्तवाढ. हातानं दिला. ती हसली. किती दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. पान घेऊन आत गेली, रिकामं पान घेऊन बाहेर आली.

मांजर असं काही आणू शकत नाही. आणते ते उंदीर. एकदा माझ्या उशीवर ठेवला होता.

ठराव: दर रविवारी काळीज.

११ डिसेंबर, बुधवार

सापडलं.

शिक्षकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. मग मी गॅलरीच्या कठड्यावर बसून, रेंज धरून, सगळं वाचून काढलं. टॉक्सोप्लाझ्मोसिस. एका पेशीचा परजीवी. मोठ्या माणसाला बहुतेकदा पत्ताही लागत नाही, पण बाईला गरोदरपणात पहिल्यांदा झाला तर पोटातल्या बाळाला धोका. आणि तो वाढतो कुणाच्या आतड्यात, पडतो कुणाच्या विष्ठेतून? मांजराच्या.

वाचताना लक्षात आलं की मी हसतोय. काळजीनं कधी कधी असं होतं.

लेखात पुढे कच्च्या मांसाचंही काही होतं, पण रेंज गेली. मुद्दा समजला होता.

१२ डिसेंबर, गुरुवार

जेवताना जाहीर केलं. पूर्ण नाव दोनदा उच्चारलं. आई म्हणाली, मांजर घालवलीस तं कणगीतलं भात कोण राखेल, तू? हर्षाली म्हणाली, तुम्हाला ती नकोच आहे पहिल्यापासून, तसं सरळ बोला ना, रोगाचं नाव कशाला घेता.

मी संतापलो नाही. उलट हलकं वाटलं, कारण आणखी वाचलंय. या परजीवीची लागण झालेल्या उंदराला मांजराची भीती वाटेनाशी होते, तो आपणहून तिच्याजवळ जातो. म्हणजे बघा. हर्षालीचं धाकलीवर प्रेम नाहीच. ते लक्षण आहे. आणि माझ्याकडे जे दुर्लक्ष होतंय तेही लक्षणच.

१५ डिसेंबर, रविवार

आई आणि हर्षाली जव्हारच्या बाजाराला गेल्या. मी धाकलीला मासळीचं डोकं दाखवून गोणीत घेतलं. आईच नेहमी सांगते, पाणी ओलांडलेलं मांजर परत येत नाही. आमच्याकडे सगळे असंच करतात. म्हणून नदीचं गाव निवडलं: दाभोसा. जीप तिथपर्यंतच जाते.

जीपवाला पांड्या. त्यानं विचारलं, गुरुजी, गोणीत काय? म्हटलं, कोंबडा. तेवढ्यात गोणी म्याव म्हणाली. पांड्या म्हणाला, गुरुजी, कोंबड्याची तब्येत ठीक वाटत नाही. त्यावर मी निसर्गसौंदर्याचा विषय काढला.

सासुरवाडी त्याच गावात आहे हे माझ्या पक्कं ध्यानात होतं. म्हणून वरच्या अंगानं गेलो, कुणाच्या नजरेला पडलो नाही. पाणी ओलांडलं, गोणी उघडली. ती बाहेर आली, बसली, माझ्याकडे बघत राहिली. मी चाललो. मागे बघितलं नाही. एकदाच बघितलं.

काम फत्ते. येताना रिकामी गोणी मांडीवर होती. अजून जरा ऊबदार होती.

१६ डिसेंबर, सोमवार

हर्षाली सकाळपासून परसात हाका मारतेय. धाकले, धाकले. मी म्हटलं, गेली असेल एखाद्या बोक्यामागे. ती रडली. जेवली नाही.

मला वाटलं होतं, मांडी रिकामी झाली की आपला नंबर लागेल. संध्याकाळी डोकं ठेवून बघितलं. म्हणाली, केस टोचतात.

आई म्हणते, कणगीत खुडबुड चालू झाली.

१८ डिसेंबर, बुधवार

शाळेतून येतो तर दारात पांड्याची जीप. पुढच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या मांडीवर धाकली.

सासूबाई नदीवर कपडे धूत होत्या. ही येऊन त्यांच्या बादलीशी बसली. फाटक्या कानावरून त्यांनी ओळखली. म्हणाल्या, जावई, येवढ्या लांब चालत आली हो पोरीच्या आठवणीनं, माहेर विसरली नाही बघा. सगळं छान चाललं होतं. मग पांड्या म्हणाला, गुरुजींचा कोंबडा बरा झाला.

हर्षालीनं माझ्याकडे बघितलं. तिचं अंथरूण आईच्या खोलीत गेलं. धाकलीही तिकडेच.

२० डिसेंबर, शुक्रवार

शेवटी मीच बोललो. म्हटलं, बाळाच्या भीतीनं केलं. बोलताना मला ते पटलंसुद्धा. म्हटलं, चल, रक्त तपासू, काय ते कळेल.

हर्षालीनं पोटावर हात ठेवला. मग विचारलं, खरंच होतं का हो बाळाला? आवाज अगदी बारीक. मी ही भीती धाकलीच्या अंगावर सोडली होती, ती नेमकी हर्षालीच्या अंगावर गेली. हो म्हणू की नाही, ते कळेना. म्हटलं, क्वचित.

२२ डिसेंबर, रविवार

काळीज आणलं. माझ्या पद्धतीनं भाजलं. हर्षालीनं पान घेतलं, आत नेलं, रिकामं आणलं. थोडी हसली. समेटाची चिन्हं.

२३ डिसेंबर, सोमवार

जव्हारला डॉक्टर मॅडमकडे. मी विषय मांडला. त्या म्हणाल्या, एवढं वाचून आलात ते चांगलं आहे, पण बायकोला इतकं घाबरवलंत कशाला. हर्षालीचं रक्त घेतलं. माझंही घ्या म्हटलं. त्यांनी विचारलं, का? म्हटलं, तुलनेसाठी. प्रयोगात एक शुद्ध नमुना लागतो. त्यांनी मान हलवली, पण घेतलं. नमुने नाशिकला जाणार.

येताना जीपमध्ये हर्षाली माझ्या खांद्याला टेकली. खड्डा होता म्हणून असेल.

२६ डिसेंबर, गुरुवार

रिपोर्ट नाही.

मोबाइलवर उरलेलं वाचत बसलो. बाळाचे डोळे. बाळाचा मेंदू. पुढचं वाचवेना, बंद केला. मी घाबरलोय. इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला धाकली जायला हवी होती, पण अशी नाही. हर्षालीला काही निघालं तर वाटेल की मीच ते मागितलं, आणि ती गोणी मला पुन्हा बघवणार नाही.

मारुतीला नारळ फोडला. विज्ञानाच्या शिक्षकाला कुणी पाहिलं नाही.

धाकली त्या रिकाम्या गोणीवर झोपते हल्ली. हाकललं नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

एक नवीन माहिती, मन रमवण्यापुरती. कुठल्याशा परदेशी अभ्यासात म्हणे, लागण झालेले पुरुष जास्त संशयी आणि जळके निघाले. म्हणजे जळणारे पुरुष आजारी असतात. बिचारे.

३० डिसेंबर, सोमवार

हर्षालीला काही नाही. कधीच लागण झालेली नाही. मॅडमनी सांगितलं तेव्हा तिनं माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मला रडू आलं. आवरलं नाही.

मग मॅडम म्हणाल्या, तुमच्या शुद्ध नमुन्यात मात्र जुनी लागण आहे.

मी म्हटलं, बघा, मांजर. त्यांनी विचारलं, लग्नाआधी मांजर होती घरी? नव्हती, तेव्हा भात आईच राखायची. तुमची लागण कधीची ते सांगता येत नाही, म्हणाल्या, पण मांस कसं खाता? मी अभिमानानं निखारा, लाल रंग, ताकद वगैरे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी ओघात हेही सांगून टाकलं की रविवारी हर्षालीलाही तेच देतो, लोहासाठी.

मॅडमनी विचारलं, हे तुम्ही गरोदर बायकोला देत होतात?

तेव्हा हर्षाली खाली बघत म्हणाली, मी एकदाही खाल्लं नाही. आत लाल दिसलं की घास तोंडात जायचा नाही. मोरीत जाऊन धाकलीला घालायची. हे एवढ्या हौसेनं आणायचे, मन मोडवेना.

म्हणजे ज्याच्यापासून मी बाळाला वाचवत होतो, ते मीच पानात बांधून आणत होतो. आणि वाचवलं कुणी, तर जिला गोणीत भरलं तिनं.

सूचना मिळाल्या. मांस पूर्ण शिजवूनच, सगळ्यांनी. मांजरीलाही कच्चं नाही, कारण तिलाही ते तसल्या मांसातून किंवा उंदरातून मिळतं. धाकली घरात राहू शकते. तिच्यासाठी रेतीचं घमेलं ठेवायचं, रोजच्या रोज साफ करायचं, पण हर्षालीनं हात लावायचा नाही. मग कोण करणार, असं मॅडमनी विचारलं. दोघींनी माझ्याकडे बघितलं.

निघताना मी मागे थांबलो. हळूच विचारलं, जळणं, संशय वगैरे माझ्यात असेल थोडंसं, तर ते या परजीवीमुळेच ना? मॅडम म्हणाल्या, तसं काही सिद्ध झालेलं नाही हो. मग म्हणाल्या, तुमच्या बाबतीत स्वभाव असावा. औषध नाही, पण त्यानं माणूस मरत नाही.

घाईत होत्या. खोलात गेल्या नाहीत.

१ जानेवारी, बुधवार

नववर्ष संकल्प: घमेलं रोज सकाळी, शाळेआधी. फक्त बाळासाठी. मांजरीशी संबंध ठेवायचा नाही.

हातमोजे, खुरपं, नाकाला रुमाल. मी साफ करत असताना धाकली समोर बसून बघते. शाळा तपासायला आलेल्या केंद्रप्रमुखासारखी. झालं की लगेच चढून पुन्हा वापरते.

हर्षालीचं अंथरूण परत आलं.

१९ जानेवारी, रविवार

धाकली हल्ली माझ्या मागेमागे असते. घमेल्याचा परिणाम. तिचे मासे आता मी उकडतो, काटेही मीच काढतो, कारण बाकी कुणाला ते नीट जमत नाही. वह्या तपासताना मांडीवर येऊन बसते. उठवत नाही, वह्या राहतील म्हणून. आज चहा गार झाला. हर्षाली म्हणाली, गरम करून देऊ? म्हटलं, हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय तिचा.

हर्षाली कितीतरी वेळ हसत होती. कारण कळलं नाही.

९ मार्च, रविवार

ओटी भरली. सातव्यात हर्षाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. धाकली इथेच राहिली. सासूबाईंना घमेल्याचं जमणार नाही, असं मीच आधी सांगून ठेवलं होतं.

जीप सुटताना हर्षालीनं मागे वळून किती वेळ बघितलं. धाकली माझ्या कडेवर होती. तेव्हा नेमकं कुणाकडे बघितलं, ते सांगता येत नाही.

२० मार्च, गुरुवार

संध्याकाळी फोन. हर्षालीनं आधी विचारलं, धाकली जेवली? मग, घमेलं केलंत? मग, तुम्ही जेवलात? क्रम नोंदवून ठेवला. तरी म्हटलं, करमत नाही गं. ती म्हणाली, मलाही. बाळ पाय मारतंय म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की आता जगात कुणाचा हेवा करायचं कारण उरलं नाही, असं लिहिणारच होतो.

मग ती म्हणाली, स्पीकरवर टाका, तिला हाक मारते. टाकला. हर्षाली म्हणाली, धाकले.

धाकली माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. ताडकन उठली. उडी मारून फोनपाशी गेली, त्याला गाल घासायला लागली, घुरघुरायला लागली. एका हाकेवर. माझ्या मांडीवर नुसते केस राहिले.

रोज घमेलं मी काढतो. काटे मी काढतो. पाय बधिर होईपर्यंत मी बसतो. आणि हर्षालीनं तिकडे आरामात बसून फक्त नाव घ्यायचं? इतकं होतं तर जाताना विचारायचं होतं तिला, कुणाजवळ राहायचंय म्हणून. मी स्पीकर बंद केला. म्हटलं, हॅलो, हॅलो, रेंज गेली वाटतं. आणि फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

धाकली अजून फोनजवळच बसलीय. दोनदा हाक मारली. वळली नाही.

हा परजीवीच आहे. डॉक्टर मॅडमना काही कळत नाही.