बावन्न म्हणजे बावन्न

२ जानेवारी, सकाळी सात
नवी वही उघडली. गेल्या वर्षीची वही सप्टेंबरातच भरली, कारण तीत तक्रारी फार झाल्या. यंदा केवळ वस्तुस्थिती लिहावयाची, असा निश्चय केला आहे.

वस्तुस्थिती अशी की काल क्लबच्या सेक्रेटरीने मला चहा पाजला आणि माझा अपमान केला. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या ज्या खोलीत मी एकेचाळीस वर्षे टेनिसच्या रॅकेटींना तारा ओढत आलो, ती वर्षअखेर माझ्याकडून काढून घेऊन तेथे विजेचे मशीन बसवावयाचे आहे. ते चालवावयास एक मेकॅनिक येणार. कारण विचारले. सभासदांची कोपरे दुखतात, म्हणाला. मास्तर, तुमच्या तारा म्हणजे लोखंडी खाट हो, असेही म्हणाला.

मी उठून उभा राहिलो. सांगितले की आज जगात एकोणिसाव्या क्रमांकावर जो डावखुरा आहे, तो सोळाव्या वर्षी एक हंगाम याच क्लबात खेळला. त्याच्या चौदा रॅकेटी मी बावन्न पौंडांच्या ताणावर ओढल्या. त्याचे कोपर दुखल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. वर्षअखेर तो पहिल्या आठांत येईल, आणि त्याला कोणाच्या हाताने घडवले हे चारचौघांत सांगेल. तसे न झाल्यास खोलीची किल्ली मी स्वहस्ते आणून देईन.

मास्तर, दुसऱ्याच्या जिवावर कशाला उड्या मारता, असे सेक्रेटरी म्हणाला. उड्या मी कधीच मारल्या नाहीत. शब्द दिला आहे.

३ जानेवारी
मशीनविषयी लिहावयाचे राहिले. हाताने फिरवावयाचे आहे. दांडा फिरवावा, तार ताणत जाते, ठरल्या पौंडावर खट् असा खटका पडतो. बावीस वर्षांपूर्वी रंगकाम करणाऱ्यांनी ते पाडले, तेव्हा मी स्वतः खोलून पुन्हा जुळवले. शेवटी एक पितळी चकती उरली. कारखानदार अशा चकत्या उगाच घालतात. तिच्यावाचून मशीन उलट अधिक दमदार चालू लागले. चकती किल्लीच्या कड्यात अडकवली आहे. चौथी उत्तीर्ण मनुष्याने कारखान्याची चूक काढली, याची ती खूण.

२१ जानेवारी
वर्षातील पहिली मोठी स्पर्धा. डावखुरा तिसऱ्या फेरीत गेला. म्हणजे घरी गेला. समोर तो साडेसहा फुटी खांब होता, त्याची सर्व्हिस गच्चीवरून टाकल्यासारखी येते. उन्हाचा दोष आहे. काळजी नाही.

२२ जानेवारी
त्यास पत्र लिहिले. अक्षर वळणदार आले. "चि. यास अनेक आशीर्वाद. बावन्न सोडू नये." नातीने ते फोनवर फोटो काढून त्याच्या पत्त्यावर पाठवले. उत्तर येईल का, असे विचारले. ती म्हणाली, आजोबा, त्याला रोज दहा हजार लोक लिहितात. त्या दहा हजारांनी त्याच्या रॅकेटी ओढल्या होत्या का, असे मी विचारले.

क्लब सोडून जाताना तो खोलीत निरोप घ्यावयास आला होता. एरवी तो सर्वांशी डावाच हात मिळवी, त्या दिवशी उजवा पुढे केला. डावा खिशात. खेळावयाचा हात हस्तांदोलनात झिजवू नये, ही शिस्त त्याला माझ्याकडे पाहूनच लागली असावी. मी हत्यारे कोणाला देत नाही.

११ मार्च
उत्तर नाही. टपालखात्याचा आता कोणालाच भरवसा नाही. फोनवरच्या टपालाचाही.

१९ मार्च
लागोपाठ दोन स्पर्धांत पहिल्याच फेरीत पराभव. क्रमांक सत्तावीस. सेक्रेटरीने बोर्डावर बातमी चिकटवली. पिन माझ्या डब्यातून घेतली.

डावखुऱ्याने कोच बदलला आहे. मला विचारले नाही. नवा कोच टोपी उलटी घालतो.

दातांचे डॉक्टर रॅकेट घेऊन आले. कोपराला पट्टा. म्हणाले, मास्तर, दोन-चार पौंड कमी करा ना, तुमचं काय जातंय. माझी आयुष्याची प्रतिष्ठा जाते. तसे न सांगता मी म्हणालो की दिवसभर लोकांच्या दाढा उपटल्या तर कोपर दुखणारच. ते म्हणाले, दाढ उपटायला दोन मिनिटं लागतात, तुमच्या रॅकेटने एक सेट खेळायला जन्म जातो. सुशिक्षित लोक उद्धट बोलतात.

२४ मे, दुपारी चार
उद्यापर्यंत थांबवत नाही, म्हणून आत्ताच लिहितो.

लाल मातीवरील मोठी स्पर्धा चालू आहे. डावखुरा दुसऱ्या फेरीत तीन सेटमध्ये जिंकला. सूनबाई शेंगा सोलत होती, मी खुर्चीत. टीव्हीवरचा बोलणारा सहज बोलावे तसे बोलला की याने या हंगामात तारा सैल केल्या असून आता तो चव्वेचाळीसवर खेळतो.

चव्वेचाळीस.

त्या जाळीने मासे पकडावेत. ती बाळाच्या पाळण्याला बांधावी. मी टीव्ही बंद केला. सूनबाई म्हणाली, अहो बाबा, जिंकलाय तो. मी म्हणालो, म्हणूनच बंद केला.

जेवलो नाही.

२५ मे
जेवलो. पोटाशी वैर करण्यात अर्थ नाही. परंतु त्याचे नाव या घरात निघणार नाही.

२७ मे
तो तिसऱ्या फेरीतही जिंकला. नातीने न विचारता सांगितले.

५ जून
उपान्त्य फेरीपर्यंत गेला. क्रमांक सोळा. विश्वासघाताला फळे येतात, ती अशी.

१२ जुलै
हिरवळीवरील अंतिम सामना. समोर पुन्हा तोच खांब. तो हरावा, अशी प्रामाणिक इच्छा धरून टीव्हीपुढे बसलो. पहिले दोन सेट हरला. समाधान वाटले. पुढचे दोन घेतले. पाचव्यात मी केव्हा उभा राहिलो ते आठवत नाही. खांबाच्या एका सर्व्हिसवर मी पंचाला मूर्ख म्हटल्याचे चिरंजीव सांगतात. मी असे शब्द वापरत नाही. सूनबाईने विचारले, बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात? मी सांगितले, मी तत्त्वाच्या बाजूने आहे.

तत्त्व टायब्रेकरमध्ये हरले. डावखुराही. क्रमांक नऊ.

१३ जुलै
हिशेब लक्षात आला. आजच्या खेळाडूंच्या तारा नव्या पद्धतीच्या, मुळातच कडक. तेव्हा त्यांचे चव्वेचाळीस म्हणजे जवळपास माझे बावन्नच. मुलाने बावन्न सोडलेले नाही. केवळ आकडा बदलला आहे. पत्र पोचले होते तर.

१३ सप्टेंबर
जिंकला! वर्षातील शेवटची मोठी स्पर्धा! क्रमांक चार!

क्लबात पाऊल टाकताच टाळ्या. सेक्रेटरीने स्वतः हात हातात घेतला. मास्तर, तुम्ही तर बाजी मारली की, म्हणाला. दातांच्या डॉक्टरांनीही पट्ट्याच्या हाताने हळूच टाळी दिली. मी नम्रपणे एवढेच म्हणालो की पाया भक्कम असला की इमारत उभी राहते.

शब्दाचा अर्धा भाग पुरा झाल्यासारखाच आहे. उरलेला अर्धा त्याच्या तोंडात आहे.

१६ नोव्हेंबर
वर्षअखेरच्या आठ जणांच्या स्पर्धेत उपान्त्य फेरी. वर्षाचा अंतिम क्रमांक तीन. पहिल्या आठांतच काय, पहिल्या तिनांत.

सेक्रेटरी धावत खोलीत आला. त्याला धावताना प्रथमच पाहिले. डावखुरा २८ तारखेला क्लबात येतो आहे! प्रदर्शनीय सामना आणि भाषण. त्याने जुनी खोली पाहावयाची इच्छा कळवली आहे. खोली, असा स्पष्ट शब्द आहे.

२७ नोव्हेंबर
कोट इस्त्रीला दिला. एक नवी रॅकेट त्याच्यासाठी ओढली. बावन्न. तळहाताने वाजवली, देवळातल्या घंटेसारखी वाजली. उद्या त्याने सर्वांसमोर मला पुढे बोलावले तर काय बोलावे, ते आरशापुढे म्हणून पाहिले. चार वाक्ये. नातीला दाराआडून हसताना ऐकले. तिला क्षमा केली.

२८ नोव्हेंबर, सायंकाळ
वस्तुस्थिती लिहितो.

मी पहिल्या रांगेत होतो. तो बोलावयास उभा राहिला. म्हणाला की या पायऱ्यांखाली एक खोली आहे, ती मी जन्मात विसरणार नाही. लोक माझ्याकडे पाहू लागले. मी अर्धा उठलो.

पुढे म्हणाला की सोळाव्या वर्षी मी तिथे बावन्न पौंड मागायचो आणि मला काय मिळायचं देव जाणे. दोन महिन्यांत कोपर गेलं. मला वाटलं, माझ्याच हातात दम नाही. टेनिस सोडायला निघालो होतो. मग दुसऱ्या गावी एकाने माझी रॅकेट तपासली आणि तो हसायलाच लागला. त्या दिवसापासून प्रत्येक रॅकेट मी स्वतः ताण मोजायचा काटा लावून तपासतो. आज इथे उभा आहे तो त्या खोलीमुळे. तिने मला शिकवलं, कोणाच्या शब्दावर जाऊ नये.

लोक हसले. पुष्कळ हसले. मी अर्धा उठलेला होतो, तो कोणत्या बाजूने पूर्ण करावा ते कळेना. कोटाचे बटण लावले आणि बसलो.

नंतर तो खोलीत आला. एकटाच. काका, म्हणाला, अजून बावन्नच का? मी म्हणालो, बावन्नच. त्याने माझी रॅकेट घेतली, तळहाताने वाजवली, कान दिला, आणि तान्हे मूल ठेवावे तशी टेबलावर ठेवली. साठ तरी असेल, असे हळू म्हणाला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं, लोकांना हसवायला बोलावं लागतं. जाताना हस्तांदोलन केले. डाव्या हाताने. पकड चांगली आहे.

मी त्याला घडवले आणि त्याने मला भर सभेत उघडे पाडले. चौदा रॅकेटी! एकही परत आली नव्हती.

२९ नोव्हेंबर
क्लबात गेलो नाही. सूनबाईने चहा ठेवला आणि काही न बोलता गेली. ती बोलली असती तर बरे वाटले असते.

दुपारी विचार केला. तो पहिल्या आठांत आला. खोलीचा उल्लेख चारचौघांत केला. आज उभा आहे तो त्या खोलीमुळे, असे त्याचेच शब्द. शब्द दोन्ही बाजूंनी पुरा झाला आहे! उद्या कमिटीपुढे हेच मांडीन.

३० नोव्हेंबर
मांडले. सेक्रेटरीने डोके खाजवले. बरोबर आहे मास्तर, म्हणाला, शब्द शब्दच. ठेवा खोली. विजेचे मशीन ऑफिसात बसवू. कोणी हसले नाही. ते मला आवडले नाही.

मेकॅनिक आलाच होता. पोरगेलासा, नम्र. मास्तर, तुमचं मशीन बघू का, म्हणाला, असलं जुनं कुठे बघायला मिळत नाही. मी बावन्न लावून दांडा फिरवला. त्याने तारेला काटा जोडला होता. खट्.

एकसष्ट.

मी सांगितले की तुझा काटा खोटा आहे. तो म्हणाला, असेलही. चिरंजीवांकडून बॅगा तोलण्याचा काटा मागवला. पावणेअठ्ठावीस किलो. मेकॅनिक फोनवर पौंड काढू लागला, मी कागदावर काढले. चौथीचा गुणाकार पक्का असतो. एकसष्टच आले.

त्याने झाकण काढले. आत बॅटरी मारली. म्हणाला, खटका उशिरा पडतोय, इथं खाचेत काहीतरी बसायला हवं होतं. पितळी चकती असते बघा, अमुक एवढी. कारखान्यातूनच आली नसेल.

मी खोलीला कुलूप लावावयाच्या बेतात होतो. किल्ली हातात होती. त्याने पाहिले. नंतर माझ्याकडे पाहिले. नंतर, चांगला मुलगा आहे, छताकडे पाहिले.

१ डिसेंबर
चकती कड्यातून काढली. स्वतः बसवली. बावन्न लावले, बावन्न आले. खटक्याचा आवाज बदलला आहे. बावीस वर्षांत मशीनने एकदाही कुरकुर केली नाही. सर्वांवर संशय घेतला. कोचवर, टपालावर, दाढांवर. ज्याच्यावर घ्यावयाचा ते समोर होते.

डॉक्टरांची रॅकेट कोणी न सांगता सोडून पुन्हा ओढली. दवाखान्यात नेऊन दिली. कोपर कसे आहे, असे विचारले. ते म्हणाले, मास्तर, दात दुखतोय का तुमचा? चेहरा तसा दिसत असावा.

किल्ली सेक्रेटरीस स्वहस्ते दिली. अहो, पण शब्द तर तुम्ही जिंकलात, म्हणाला. कड्यात आता किल्ली एकटीच होती, फार हलकी वाटली.

घरी आलो. चौदा रॅकेटी, प्रत्येकी नऊ पौंड जास्त.

अकरा वर्षांपूर्वी निरोप घेताना त्याने उजवा हात पुढे केला होता. ती शिस्त नव्हती, दुखरे कोपर होते.