तक्रार नाही

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

इकडे सगळे बरे. तुझा हात आता डोक्यापर्यंत जातो, असं आईने सांगितलं. तिचे गुडघे तसेच आहेत, बोलणं मात्र जोमात. धाकटीला दात आलाय, पहिला प्रयोग माझ्याच बोटावर.

ऑफिसात सध्या एकच विषय. बाहेर बंदुकीचे कायदे कडक करा म्हणून मोर्चा, आणि आत आमचे हेडक्लार्क म्हणतात, ‘आहेत ते काय कमी आहेत?’ मी खाली मान घालून शिक्के मारतो. त्यांचं बरोबर आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

किती आढेवेढे घेतोय मी. सांगतोच.

भावोजींचा बंदूक परवाना आमच्याच ऑफिसात नूतनीकरणाला आला, तेव्हा घरतपासणी माझ्याकडे होती. घरी जायचं, कपाटाचं कुलूप बघायचं आणि बायकोला बाजूला घेऊन विचारायचं, या माणसाची भीती वाटते का? बहिणीच्या घरी जाऊन तिच्याच नवऱ्याबद्दल असं विचारायचं, मला अवघड वाटलं. खुर्चीत बसूनच फॉर्म भरला. ‘पत्नीशी एकांतात बोललो. तक्रार नाही.’ खाली झोकदार सही.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता. ‘ये की एकदा. जेवायला नको, कामासाठी ये.’ मला वाटलं, परवान्याची घाई आहे. म्हटलं, ‘ताई, घरचंच काम, झालं समज.’ तू फोन ठेवलास.

आता भावोजींचा वकील तोच फॉर्म कोर्टात नाचवतोय. म्हणे बंदूक साफ करताना चुकून गोळी सुटली आणि तुझ्या खांद्याला लागली, धमक्यांचं बाई आता रचून सांगतेय, नाहीतर तपासणीतच बोलली नसती का? तुला खोटं पाडायला त्यांच्याकडे दुसरं काही नाही. माझी सहीच आहे.

तुझ्या भावजयीने हात जोडले, गप्प बसा, नोकरी जाईल, पोरांचं काय? दोन महिने बसलोही गप्प. हॉस्पिटलात तुझ्यापाशी संत्री सोलत होतो, तेव्हा तू म्हणालीस, ‘तुझीच धावपळ होते रे.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सकाळी सरकारी वकिलांना लेखी जबाब दिला. सोमवारी साक्ष आहे. तू समोर असशील, पण माझ्याकडे बघू नकोस, मला बोलता यायचं नाही. ते विचारतील, ‘मग त्या बाईंना तुम्ही काय विचारलंत?’ काहीच नाही, एवढंच उत्तर आहे माझ्याकडे.

माफी मागायला तोंड नाही.

तुला एकदाही न विचारणारा,
तुझा धाकटा