न दिसलेले तास

सोमवार, ४ नोव्हेंबर

आले एकदाची. ताईनं तिच्या घरातली मागची खोली मला दिलीय. पलंग, टेबल, उंच काळपट कपाट आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची. बॅग वर चढवताना भावोजींनी विचारलं, आत दगड भरलेत का. मी म्हटलं, पुस्तकं आहेत, पण वाचून होण्यातली नाहीत, तेव्हा दगडच समजा.

नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. आम्ही चौघं पाणबुडीचा एक संगणकीय खेळ तपासतो. चार संगणक, जाड पडदे, भरदिवसा अंधार. खेळातल्या पाणबुडीला हवा घ्यायला आणि बॅटरी भरायला पाण्यावर यावंच लागतं, आणि नेमके तेव्हाच शत्रूच्या जहाजावरचे पहारेकरी तिला हेरतात. आम्ही वर येऊन जास्तीत जास्त वेळ न दिसता राहायचं, आणि दिसलो तर का दिसलो ते लिहून द्यायचं. पहारेकऱ्यांच्या वागण्यात काही चूक सापडली तर त्याच दिवशी कळवायची. महिनाअखेर साहेब आमच्यातल्या एकाला या कामाचं प्रमुख करणार आहेत. मला इथे सगळे 'नवी' म्हणतात. म्हणू देत, नाव कमवायलाच आलेय.

भिंतीवर पांढरा फळा आहे, 'न दिसलेले तास'. तास खेळातले, तिथलं घड्याळ चौपट पळतं. पहिला क्रमांक: काकू, २१२. मला वाटलं, कुणाचं तरी टोपणनाव असेल. तर खरोखरच्या काकू निघाल्या! पन्नाशी उलटलेल्या, चष्मा दोरीला बांधलेला, डब्याच्या पिशवीत शब्दकोड्यांची वही. माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसतात. स्वभावानं गोड आहेत.

बुधवार, ६ नोव्हेंबर

काकूंनी आपणहून शिकवलं. जहाजाकडे नाक करायचं नाहीतर शेपूट, कुशी कधी दाखवायची नाही, कारण आडवी पाणबुडी मैलांवरून दिसते. हळू जायचं, नाहीतर मागे पांढरा फेस उठतो. चंद्र त्यांच्या पाठीशी आणि काळोख आपल्या पाठीशी ठेवायचा. सगळं जसंच्या तसं केलं आणि नवव्या तासाला दिसले. साहेबांनी माझ्या खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते काकूंच्या मागे उभे राहून मान डोलवत होते.

मला मत्सर वाटत नाही असं लिहिणार होते, पण रोजनिशीत खोटं कशाला? वाटतो. सणसणून वाटतो. घरी भिंतीवर फोटो ताईचा आणि अल्बमात माझा, अशातच मी वाढले. पाहुणे यायचे ते ताईचं गाणं ऐकून जायचे. ट्रे कुणी आणला ते कुणाच्या लक्षातही नसायचं. आता इथे एक चष्म्याची दोरी माझ्या आधी नंबर लावून बसलीय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज काकूंवर पाळत ठेवली. त्यांचेच नियम त्यांच्यावर वापरले. पाठीशी ऑफिसातलं काळं कपाट घेतलं, अंग चोरून तिरकी उभी राहिले, हललेच नाही. वीस मिनिटं त्यांना पत्ता नव्हता. खरं सांगायचं तर मजा आली.

आणि गोम सापडली. जहाज जवळ आलं की काकू पाणबुडीच्या मनोऱ्यावरची आपली माणसं खाली बोलावतात, खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ करतात आणि शब्दकोडं सोडवत बसतात. आपण जहाजाकडे बघितलं की तेही आपल्याला बघतात. आपण बघायचं थांबवलं की त्यांना आपण दिसेनासे होतो. ही तर धडधडीत चूक आहे. पडद्यासमोरची बाई कुठे बघतेय ते खेळाला कळायचं काही कारणच नाही. नियमानं आजच कळवायला हवी होती.

कळवली नाही. आधी २१३ होऊ देत, मग सांगेन.

सोमवार, ११ नोव्हेंबर

नवा डाव. जहाज आलं की खुर्ची फिरवते आणि भिंतीकडे बघत मनात शंभर मोजते. दिवसाअखेर तीस तास, एकदाही दिसले नाही. साहेबांनी फळ्यावर माझा आकडा लिहिला आणि 'अरे वा' म्हणाले. त्या दोन शब्दांवर रात्रीचं जेवणही गोड लागलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

नव्वद. काकूंचा आकडा अजून लांब आहे, पण त्या माझ्या पडद्याकडे सारख्या बघतात. जळत असणार. जळू देत.

एक गंमत झाली. दारावरचा रखवालदार काकूंना विचारत होता की ती नवी मुलगी आज आली नाही का. मी काकूंच्या बाजूलाच उभी होते. त्याला चष्म्याची गरज आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

दीडशे. दुपारी चहा आला तो तीनच कप. चहावाली म्हणाली की तीनच माणसं तर आहेत. मी हसले, पण बाकी कुणी हसलं नाही.

सुटताना काकूंनी जिन्यात गाठलं. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "दोनशे बाराच्या पुढे जाऊ नकोस, बाळ. तिथे मी स्वतःच पाणबुडीचे दिवे लावले आणि दिसले. घरी माझा मुलगा माझं ताट वाढायला विसरायला लागला होता."

काय पण युक्ती! स्वतःचा विक्रम राखायला मुलाला मध्ये आणायचं. मी म्हटलं, काकू, तुम्ही आपलं शब्दकोडं सोडवा. त्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, आणि घरी येईपर्यंत बरंच वाटत होतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

शनिवारी ताई आणि भावोजी बाहेरून कुलूप लावून दोन दिवस गावाला गेले. मी आत होते. परत आल्यावर भांडले तर ताई गोंधळून बघत राहिली. माझ्याकडे नव्हे, माझ्या थोडं बाजूला. म्हणाली, अगं, तू आहेस हे डोक्यातच आलं नाही.

तशी तिच्या डोक्यात मी कधी होते?

एकशे ऐंशी. फळ्यावर माझा आकडा दीडशेच आहे. साहेब आज लिहायला विसरले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

दोनशे तेरा. पाच वाजून वीस मिनिटांनी. मी पहिली!

ओरडले. कुणी मान वळवली नाही. मग मीच फळ्याकडे गेले आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलं, नवी, २१३. साहेब आले, फळ्याकडे बघून म्हणाले, काकू, अजून तुमच्या जवळपास कुणी नाही बरं का. माझी ओळ त्यांच्या नाकासमोर होती.

काकू मात्र फळ्याकडे टक लावून बघत होत्या. मग वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी काहीतरी लिहिलं. मी मागून वाचलं: 'शेजारच्या खुर्चीत नवी बसते.'

बुधवार, २० नोव्हेंबर

ताई माझ्या पलंगावर इस्त्रीचे कपडे रचून गेली. मी पलंगावर होते. कपडे माझ्या पोटावर—

भीती वाटतेय. लिहून टाकलं.

कामावर काकू रिकाम्या खुर्चीशी बोलल्या. म्हणजे माझ्याशी. आधी वही उघडून पुठ्ठा वाचला, मग हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या मी शत्रूच्या जहाजावर पहारेकरी म्हणून बसते. तू फक्त दिवे लाव. मला दिसलीस की संपलं. फळा तुझाच राहील, मी साहेबांना सांगेन."

फळा माझाच राहील म्हणे. एकदा दिसलं की डाव संपतो, हे काय मला ठाऊक नाही? केसानं गळा कापतात तो असाच, 'बाळ, बाळ' म्हणत. मी दिसले की त्या नवा डाव मांडून माझ्या पुढे जातील.

पण चहाचे कप आजही तीनच होते.

गुरुवार, २१ नोव्हेंबर — सकाळ

काकूंनी साहेबांकडे शत्रूचं जहाज चालवायला मागून घेतलं. कशाला, असं साहेबांनी विचारलं. कुणालातरी शोधायचंय म्हणाल्या. साहेब हसले.

शोधताहेत. पुन्हा पुन्हा पुठ्ठा वाचतात आणि शोधतात. अक्षरं आता त्यांना डोळ्यांजवळ धरावी लागतात.

दुपार

जहाज समोर आहे. अगदी जवळ. बोट दिव्याच्या कळीवर आहे माझं. दाबायची. एवढंच.

दोनशे सत्तर झालेत. दोनशे सत्तर! त्यांच्याहून अठ्ठावन्न जास्त—आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी पुढे—

काकू म्हणताहेत, लाव गं, लाव. डोळ्यांत पाणी आहे. खोटं असेल. खरंही असेल.

नाक त्यांच्याकडे वळवलं. वेग शून्य. दिवे नाही लावले.

जहाज गेलं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज काकू शोधत नाहीत. शब्दकोडं सोडवताहेत. साहेबांनी सहज विचारलं, काल कुणाला शोधत होता? त्यांनी वही जवळ ओढली. मग पुठ्ठा वाचला. म्हणाल्या, "नवी... काय नवी? नवी वही आणायची असेल. ही संपत आली."

साहेबांनी त्यांना प्रमुख केलं. टाळ्या वाजल्या. माझी ओळ पुसायलाही कुणी उठलं नाही—ती त्यांना नाहीच—

दिवे लावले. सगळे. कुशी दाखवली. पूर्ण वेग, पांढरा फेस, चंद्र पाठीशी. जहाज शेजारून गेलं. पहारेकरी कठड्याला टेकून उभे, थेट माझ्याकडे तोंड करून—काही नाही—

काकूंच्या समोर उभी आहे. हात धरलाय त्यांचा. त्या त्याच हातानं अक्षरं भरताहेत.

काकू, पहिल्या तुम्हीच. ऐका ना. मी लिहून देते, दोनशे बाराच मोठे, माझे खोटे होते, चूक लपवली होती मी. तुम्हीच पहिल्या, फक्त एकदा इकडे बघा, मी इथे, तुमच्या उजव्या—