प्रेमलाच्या कसरी आणि माझी भिंत

रत्नागिरी, श्रावण १९८६

चिरंजीव दत्ताराम, तुला आणि सूनबाईला आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या जन्मापासूनच. तुझा खोकला कसा आहे? (अक्षर प्रेमलाचं, शब्द माझे. ती मध्येच हसली की ओळ वाकडी जाते.)

तुझ्या ह्याच लेकीने कॉलेजच्या अभ्यासाला काय पाळावं? कसरी, कापडं-कागद कुरतडणाऱ्या! जन्मभर मी ज्या ट्रंकेतून झाडल्या, त्या हिने चुलीशेजारच्या फळीवर बारा बाटल्यांत मांडल्या, ऊब लागते म्हणून. मी बोंब मारली. मग तिने हातात भिंग दिलं आणि मी बाटलीला डोळा लावून बसले रे. पंख नाहीत, रूप नाही, पण त्यांतली बाई कात टाकते, मग अंडी भरत येतात, ती घालते, की पुन्हा कात. दहा-बारा दिवसांचा फेरा, मरेपर्यंत. वेळ हुकली तर अंडी अंगातच जिरवते आणि नव्या कातीला लागते, रडारड नाही. नवऱ्याने दिलेलं बीसुद्धा कातीबरोबर जातं, म्हणजे दर खेपेला नवं लग्न! (लिही गो, लाजतेस काय!) मी सात बाळंतपणं केली, पण एकदा मोठी झाले ती झाले. ही आई होऊनही वाढतच राहते. देवाने एवढ्याशा जिवात एवढं बसवलं, आणि मी त्यावर केरसुणी मारत होते.

गेल्या मंगळवारी मी बाटल्या लख्ख पुसल्या. वरच्या चिठ्ठ्याही पुसल्या गेल्या. कातीच्या, अंड्यांच्या सगळ्या तारखा त्यांवरच. वहीत आज उतरवू, उद्या उतरवू (तुझीच लेक). पोर जेवली नाही. वर्ष बुडालं म्हणाली. मी तिला हाताला धरून फळीपाशी नेलं. कोंबडी अंड्यांवर बसवली की मी भिंतीवर कोळशाने दिवस ओढते ना, तसेच पहिल्या दिवसापासून मी प्रत्येक बाटलीच्या वर भिंतीवर ओढले होते. रोज एक रेघ, कातीला लांब, अंड्यांना आडवी. तिचे सर आले, चपला बाहेर काढल्या आणि तासभर भिंत वाचत बसले. माझं लिहिलेलं, दत्ताराम, कोणीतरी वाचलं.

तुझी आई

ता. क. पाहुणे मुलगी बघायला येणार म्हणून आपल्या गड्याला, बाबल्याला, भिंतीला चुना लावायला सांगितलंस म्हणे. लावायचा नाही. परीक्षा होईपर्यंत चुना नाही, म्हणून पाहुणेही नाहीत.

आणखी एक. तू हो म्हणशीलच, म्हणून पाहुण्यांना मी त्यांच्या गावी जाणाऱ्या काशीरामाबरोबर परवाच तसा निरोप धाडला. तुला विचारलं नाही असं व्हायला नको, म्हणून हे पत्र. खालचा अंगठा कोळशाचा आहे. पुसू नकोस.