वामनरावांनी मटण सोडलं नव्हतं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. १९८६ सालच्या करीला, बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, मी पाट्यावर भाजलेलं खोबरं आणि कांदा वाटत होते. माझे यजमान वामनराव लसूण सोलत होते आणि आमचा पाच वर्षांचा संघपाल शेगडीजवळ मांडी घालून बसला होता. दर पाच मिनिटांनी विचारायचा, "बाबा, शिजलं काय?" वामनराव म्हणायचे, "बोकडाले इचार." नळी नेहमी त्याच्याच ताटात पडे. तो ती ताटावर आपटून आपटून रिकामी करी, आणि मग शेजाऱ्यांना दाखवायला बाहेर पळे. पोळा आमच्या घरात कधीच बंद झाला होता, आम्ही बौद्ध. पण करीचं मटण कोणत्याही वर्षी चुकलं नाही.

आता रीतसर लिहिते.

मी, श्रीमती ललिता वामनराव तेलगोटे, वय ६९ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार बडनेरा, तालुका व जिल्हा अमरावती. माझी बुद्धी शाबूत आहे, रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, आणि हा कागद लिहिताना घरात माझ्याशिवाय कोणी नाही, त्यामुळे दडपण आणायलाही कोणी नाही. २०१९ साली मी एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात सर्व काही मुलाला दिलं होतं. ते या लेखाने रद्द करते.

कलम १. घर

बडनेऱ्याचं राहतं घर वामनरावांनी मालगाडीवर गार्ड म्हणून केलेल्या नोकरीच्या फंडातून बांधलं आणि माझ्या नावावर केलं. ते कोणाला मिळेल हे कलम ६ मध्ये आहे. माझी वकील आकांक्षा माझीच विद्यार्थिनी. ती म्हणते की पोटच्या मुलाला घर अटीवर द्यायचं असेल तर कारण लिहिलेलं बरं, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल म्हातारीचं डोकं फिरलं होतं. म्हणून कारण लिहिते.

कलम २. कारण

संघपाल अकोल्याला इंजिनियर आहे. सात वर्षांपूर्वी तो एका शिबिराला गेला आणि परत आला तो मटण, मासे, अंडी, दूध, दही, तूप, मध, सगळं सोडून. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. त्याची साखर उतरली, पोट उतरलं. मी त्याच्यासाठी शेंगदाण्याच्या दुधाचा चहा शिकले. तो चहा होत नाही, पण शिकले. पुढे तो दर रविवारी आपल्या इमारतीतल्या लोकांचे आहाराचे वर्ग घेऊ लागला. इमारतीत मांसाहार आणू नये हा नियमही त्यानेच लिहून मंजूर करून घेतला. संघपाल कधी आवाज चढवत नाही. लहानपणी मला त्याचं कौतुक होतं. आता कळतं की जो आवाज चढवत नाही, तो समोरच्याला भांडायला जागाही ठेवत नाही.

२०२३ मध्ये वामनरावांच्या यकृताचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात सापडला. उपचार अकोल्याला होते म्हणून आम्ही संघपालकडे राहिलो. सप्टेंबरात डॉक्टरांनी घरी सोडलं आणि सांगितलं, आता मागतील ते खाऊ द्या.

करीच्या सकाळी त्यांनी मटण मागितलं. दोन घास, रस्सा आणि भाकर, एवढंच. संघपाल खाटेवर बसला, वडिलांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बाबा, जाताना तरी कोणाचा जीव घेऊन जाऊ नका. बुद्धाने आपल्याला करुणा सांगितली आहे."

वामनराव म्हणाले, "बोकड सकाळीच मरून गेलं. मी मरून राहिलो. तू काहून मधात येऊन राहिला?"

मी हसले. संघपाल हसला नाही. त्याने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि नाही म्हणाला. इतक्या मायेने नाही म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुपारी वामनरावांची धाकटी बहीण बेबीताई हिवरखेडहून एसटीने आली. भावाची कर चुकू नये म्हणून पहाटे उठून तिने मटण रांधलं होतं. संघपालने तिला फाटकातच अडवलं. आत्या, तुम्ही या, डबा वर नको, एवढंच त्याचं म्हणणं. बेबीताई म्हणाली, डबा नाही तर मी काय तोंड दाखवायला आली? ती वर आली नाही. स्कूटर लावायच्या जागेत कट्ट्यावर डबा मांडीवर घेऊन चार वाजेपर्यंत बसली, मग परतीची गाडी पकडून गेली. मी पाणी घेऊन खाली गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "वयनी, माह्या मायले लोकं असंच दाराभाईर बसवत. आता भाच्याच्या दारात मी बसली."

मी म्हणाले, बेबीताई, सोडून द्या, लहान आहे तो. बेचाळीस वर्षांचा होता.

तो डबा मी पदराखाली लपवून वर नेऊ शकले असते. चौकीदार मान वळवायला तयार होता, त्याने तसं सुचवलंही. मी नेला नाही. मुलाच्या घरात मुलाला फसवायला मला धीर झाला नाही. त्याऐवजी नवऱ्याला फसवलं.

वर जाऊन मी संघपालच्या देखत सोयाबीनच्या वड्या भिजवल्या, पिळल्या, मटणाच्या मसाल्यात शिजवल्या, वर लाल तवंग येऊ दिला. वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं, बेबीताईने आणलंय. त्यांनी पहिला घास बराच वेळ चघळला. माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाले, "तुले लबाड बोलता येत नाही, ललिता." मग दारात मोबाइल धरून उभ्या असलेल्या संघपालला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बेबीनं मस्त केलं." आणि वाटी संपवली. त्यांना त्या दिवसांत पाणीसुद्धा जात नव्हतं. ती वाटी त्यांनी माझी लाज राखायला संपवली.

चौथ्या दिवशी ते गेले.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर फिलोमिना होत्या. माझ्या डब्यात सुकट असली की मुली बाक सरकवत, तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बसत आणि चिमूटभर मागून खात. त्या सांगत की खोटं बोललेलं देव लगेच विचारत नाही, पण विसरतही नाही. देवावर माझा विश्वास उरला नाही, सिस्टरांवर आहे.

कलम ३. पत्रक

वामनरावांच्या जलदान विधीला संघपालने एक पत्रक वाटलं. वर वाटी हातात धरलेल्या वामनरावांचा फोटो. खाली मजकूर: "चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मृत्युशय्येवर, श्री. वामनराव तेलगोटे यांनी मांसाहाराचा त्याग केला. त्यांचं अखेरचं जेवण अहिंसक होतं." बेबीताईने ते वाचलं, घडी घातली आणि निघून गेली. तिचा समज झाला की भावानेच तिचा डबा परत पाठवला. मी खरं काय ते सांगायला हिवरखेडला गेले, तेव्हा ती म्हणाली, "वयनी, कागदावर छापून आलं ना." त्यानंतर ती माझ्या घरी आलेली नाही.

पत्रक बंद कर, असं मी संघपालला तीन वेळा सांगितलं. तो म्हणाला, "आई, त्यात खोटं काय आहे? वाटीत सोयाबीनच होतं."

वाटीत सोयाबीनच होतं. वाटी मी भरली होती. आजही दर रविवारी वर्गाची सुरुवात त्याच फोटोने होते.

कलम ४. माझ्या जेवणाविषयी

त्या करीपासून मी मटण, मासे, अंडी खाल्लेली नाहीत. आता आईसुद्धा आमच्यात आली, असं संघपाल वर्गात सांगतो. मी कोणाच्यात गेलेली नाही. मला दया वगैरे काही सुचलेली नाही. मटणाच्या दुकानावरून जाताना आजही माझी पावलं हळू होतात. त्यांच्या तोंडचा घास मी काढला म्हणून माझ्या तोंडचा काढला, इतकंच. ही शिक्षा मी स्वतःला दिली आहे आणि ती माझ्याबरोबर संपते. माझा फोटो कोणत्याही पत्रकात छापू नये. छापल्यास आकांक्षाने नोटीस पाठवावी, त्याची फी मी तिला आगाऊ दिली आहे.

कलम ५. इतर वस्तू

मटणाचं मोठं पितळी पातेलं सून पायल हिला. ते कुठे ठेवावं हे तिला बरोबर कळेल. माहेरी परतवाड्याला गेल्यावर पायल काय खाते, ते मला ठाऊक आहे. सात वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही आणि इथेही लिहीत नाही.

बँकेतली ठेव आणि माझे दागिने नात आचल हिला. तिने काय खावं आणि काय सोडावं, हे तिच्याशिवाय कोणी ठरवू नये. मी हयात असते तर मीही नाही.

शिलाई मशीन शेजारीण भागीरथा हिला. मशीन तिच्याकडेच आहे, ती परत करत नव्हती. आता करू नये.

कलम ६. माझा जलदान विधी आणि घर

विधी बडनेऱ्याच्या घरी करावा. जेवायला मटण असावं आणि ते बेबीताईच्या हातचं असावं. ती येणार नाही म्हणाली तर आचलने या लेखातली कलमं २ आणि ३ तिला फोनवर वाचून दाखवावीत.

संघपालसाठी वेगळ्या, नव्या भांड्यात अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा करावा. दूध, तूप लागू देऊ नये. त्याला कोणी टोमणा मारू नये. गंमत म्हणूनसुद्धा त्याच्या भाजीत रस्सा घालू नये. वाटीत काय आहे ते खाणाऱ्याला खरं सांगितलं पाहिजे. त्याचं ताट घरात, पंगतीत, बेबीताईच्या शेजारी मांडावं. आपल्या घरात कोणालाही बाहेर बसवायचं नाही, त्यालाही नाही.

पानं वाढून झाली की कोणी पहिला घास घेण्यापूर्वी आकांक्षाने हा लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा. त्यानंतर संघपालने उभं राहून पुढील वाक्य म्हणावं: "माझ्या वडिलांनी मटण सोडलं नव्हतं. त्यांनी मागितलं आणि मी दिलं नाही." शब्द बदलू नयेत. करुणा हा शब्द त्यात घालू नये. विचार करायला वेळ मागितला तर देऊ नये. त्याच्या वडिलांकडे चारच दिवस होते. अन्न निवेपर्यंत वाट पाहावी.

तो बोलला तर घर त्याचं. पत्रकं त्या दिवसापासून बंद.

तो बोलला नाही तर घर बेबीताईचं, पूर्ण मालकीने, आणि त्याने त्यावर दावा करू नये. बेबीताई नको म्हणाली तरी किल्ल्या तिच्याच हातात द्याव्यात.

ते वाक्य म्हणून झाल्यावर "आईनेही दिलं नाही" असं त्याला जोडायचं असेल तर कोणी अडवू नये. ते खरं आहे, आणि त्यासाठी त्याला आणखी काही मिळणार नाही.

ठिकाण: बडनेरा
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही
ललिता वामनराव तेलगोटे

वरील लेख ललिताबाईंनी आमच्यासमोर वाचून दाखवला, दोनदा थांबून पाणी घेतलं आणि आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या. आम्हा दोघांना यातून काही मिळत नाही.

साक्षीदार
१. गजेंद्र पुंडलिकराव ढोरे, निवृत्त मुख्याध्यापक, परतवाडा
२. माया सुखदेव मोहोड, परिचारिका, बडनेरा