वरच्या कुंपणाचे खांब

रेक्याविक, २ फेब्रुवारी

प्रिय बाबांना,

मी मजेत आहे. आईचा खोकला कसा आहे?

भूगोलासोबत घेतलेला हिमस्खलनाचा जोडविषय शुक्रवारपर्यंत सोडता येतो. बर्फात खड्डा खणून थर चाचपायला मला आवडतं, गणितं मात्र नकोशी होतात. "सोडून दे, डोंगर काय तुझी वही बघून हलतो?" असं तुम्ही लिहिलंत. सोडणारच होते.

पण काल वर्गात सरावाला आपल्याच खोऱ्याचा नकाशा आला. आपलं घर मी लाल, म्हणजे हिमस्खलनाच्या वाटेतलं, रंगवलं आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली.

डोंगराच्या बाजूच्या वरच्या कुंपणाचे खांब यंदा बर्फात पार बुडाले, हे तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत. मला हसू आलं नाही.

विषय ठेवते आहे. आईला नकाशाचं सांगू नका. समुद्राकडच्या खोलीत ऊब जास्त असते म्हणा, आणि आजच गाद्या डोंगराकडच्या खोलीतून तिकडे हलवा.

तुमची,
सोल्रून